पासोडी आणि परका पडदा

अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाडंभरडं कापड. दासोपंतांनी (१५५१–१६१५) ते पांघरायचं सोडून त्यावर ‘पंचीकरण’ नावाचं वेदान्ताचं प्रकरण लिहून काढलं. लांबी सुमारे ४० फूट, रुंदी ४ फूट! ‘गीतार्णवा’च्या सव्वा लाख ओव्यांनीही ज्याची हौस फिटत नाही, त्याला कागद कुठून पुरणार?

हे मी भाच्याला मोठ्या अभिमानानं सांगितलं. मोबाइलवर अंगठा सरकवत तो म्हणाला, “मामा, म्हणजे स्क्रोलच की! फॉलोअर किती होते?”

पोरगं चेष्टेत बोललं. पण फरक आहे. पंतांच्या ओव्या पंतांच्या आणि कापडही पंतांचं. भाच्याचं फक्त तोंड भाच्याचं, पडदा परक्याचा.

हा पडद्याचा धंदा म्हणजे आपला आठवडी बाजारच. मैदानाच्या मालकाला काही पिकवावं लागत नाही. माल शेतकऱ्यानं आणायचा, गर्दी गिऱ्हाइकानं करायची, मालकानं तहबाजारी वसूल करायची. फक्त हा मालक सुरुवातीला पैसे न मागता उलट चहा पाजतो. ५ सप्टेंबर २०१६ पासून जिओनं असा चहा पाजला: मार्च २०१७ पर्यंत इंटरनेट फुकट. चहाची सवय लागली, मग बिल आलं.

पुढं टिकटॉक आलं. ऊसतोडीच्या फडातून, पाचटावर उभं राहून माणसं नाचू-बोलू लागली. ज्यांचं नाव गावाच्या पाटीपलीकडं गेलं नव्हतं, त्यांना हजारो लोक ओळखू लागले. याला हसणाऱ्यांपैकी मी नाही. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ ॲपांवर बंदी घातली, त्यात टिकटॉक गेलं. एका रात्रीत मैदान गायब! फॉलोअर काही सातबाऱ्यावर चढत नाहीत. ८ जुलैला, म्हणजे बरोबर दहाव्याच्या दिवशी, इन्स्टाग्रामनं इकडं रील्स सुरू केलं. माणसं पाटी डोक्यावर घेऊन त्या मैदानात गेली आणि एकापासून मोजू लागली.

यूट्यूबचा हिशेब त्यातल्या त्यात चोख. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या १०० रुपयांतले ५५ करणाऱ्याला, ४५ मालकाला. आपल्याकडं अर्धलीनं शेत लावतात, त्याहून बरंच म्हणायचं! पण वाट्यात शिरायला २०१७ साली १०,००० वेळा पाहिलं जाणं पुरत होतं. जानेवारी २०१८ मध्ये १००० वर्गणीदार (वर्गणी कुणी देत नाही, नुसतंच म्हणायचं) आणि वर्षात ४००० तास असं माप ठरलं. माल तोच, शेतकरी तोच. माप मात्र मालकाच्या घरचं.