छिद्रांवरून अळंबीची ओळख : एक इतिहास

काही रानअळंब्यांच्या छत्रीखाली पट्ट्यांऐवजी बारीक छिद्रे असतात. ही छिद्रे म्हणजे उभ्या नळ्यांची तोंडे. नळ्यांच्या आतल्या बाजूला बीजाणू तयार होतात. फ्लॉरेन्सच्या पिएर आन्तोनिओ मिकेली याने बीजाणू पेरून कवक वाढवले आणि ते प्रयोग १७२९ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. लिनियसने १७५३ मध्ये वर्गीकरण केले ते केवळ छत्रीच्या खालच्या बाजूवरून. त्यामुळे मातीतली मांसल अळंबी आणि झाडाच्या खोडावरचे लाकडासारखे टणक कवक एकाच ‘बोलेटस’ वंशात आले.

एवढ्याने खाणाऱ्याचे काम भागत नव्हते. फ्रान्समध्ये ब्युलियार याने १७८२ मध्ये खाद्य ‘बोलेटस एड्युलिस’ला नाव दिले आणि काही वर्षांत तिच्यासारखीच दिसणारी, पण अतिशय कडू जातही नोंदवली. खाद्य जातीच्या दांड्यावर पांढुरकी जाळी असते, तर कडू जातीची जाळी गडद असून त्या जातीची छिद्रे वयानुसार गुलाबी होतात. दांडा असा महत्त्वाचा ठरला. १८२१ मध्ये इंग्लंडमध्ये ग्रे याने ‘लेक्सिनम’ हा वंश केला; आज त्यात खरखरीत दांड्याच्या अळंब्या मोडतात. त्याच वर्षी स्वीडनच्या एलिआस फ्रीस याने टणक कवके ‘पॉलिपोरस’मध्ये वेगळी काढली.

जर्मनीत लेन्झ याने १८३१ मध्ये लाल छिद्रांच्या विषारी अळंबीला सैतानाचे नाव दिले. कापल्यावर तिचा गर निळा पडतो. म्हणून निळी पडणारी प्रत्येक अळंबी विषारी, असा समज लोकांत पसरला. तो चुकीचा आहे. हवेतल्या ऑक्सिजनमुळे गरातील रंगद्रव्यांचे ऑक्सिडीकरण होते, म्हणून निळा रंग येतो. तपकिरी टोपीची ‘इम्लेरिया बाडिया’ निळी पडते, तरी युरोपात आवडीने खातात. उलट ब्युलियारची कडू अळंबी निळी पडत नाही.

डीएनए अभ्यासाने छिद्रांचे महत्त्व आणखी कमी केले. पट्ट्यांची ‘फिलोपोरस’ आणि चेंडूसारखी ‘स्क्लेरोडर्मा’ ही कवके बोलेटसच्याच गणातली ठरली. सैतानी अळंबी २०१४ मध्ये ‘रुब्रोबोलेटस’ या नव्या वंशात गेली.

रानात मात्र जुन्याच खुणा कामी येतात : छिद्रांचा रंग, दांड्यावरची जाळी, कापल्यावरचा बदल, बीजाणूंचा ठसा आणि शेजारचे झाड. यांपैकी एकाच खुणेवर विसंबून कोणतीही रानअळंबी खाऊ नये.