न उडालेला बार

बंदुकीचा इतिहास सांगणारे ग्रंथ उडालेल्या बारांचा हिशेब मोठ्या हौसेनें देतात. न उडालेल्यांचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाहीं. वास्तविक या हत्यारांतील पुष्कळशा सुधारणा फुकट गेलेल्या बारांनींच घडवून आणल्या.

१८०३ च्या ऑगस्टांत, ऐन पावसाळ्यांत, आर्थर वेल्स्लीनें अहमदनगरास वेढा दिला व १२ तारखेस किल्ला घेतला. त्याच्या पायदळाच्या हातीं चकमकीच्या बंदुका होत्या. गारेची ठिणगी रंजकेवर पडावी, रंजकेची आग बारीक भोकांतून नळींतील दारूस लागावी, तेव्हां कोठें गोळी सुटावी, असा तो लांबचा प्रवास. गार झिजली, रंजक सर्दावली किंवा भोक काजळीनें बुजलें कीं बार फुकट. स्कॉटलंडांतील अलेक्झांडर फॉर्सिथ या पाद्र्यास शिकारीचा मोठा नाद. रंजकेचा भडका पाहून पक्षी उडून जात, म्हणून त्यानें आघातानेंच पेटणाऱ्या मसाल्याची युक्ति काढली व १८०७ मध्यें तिचें पेटंट घेतलें. पाखरांच्या नादापायीं सैन्यांच्या बंदुका पालटल्या! तिच्यांतूनच पुढें इतरांनीं तांब्याची टोपी काढली. १८३४ मध्यें वुलिच येथें दोन्ही तऱ्हांच्या बंदुकांची परीक्षा झाली. प्रत्येकीचे सहा हजार बार काढले. चकमकीचे ९२२ फुकट गेले, टोपीचे अवघे ३६.

तरी छत्तीस राहिलेच. १८५७ च्या धामधुमींत इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेस कोल्ट व ॲडम्स यांचीं रिव्हॉल्व्हरें असत. चक्राचें प्रत्येक घर हातानेंच भरावें लागे, व कोल्टच्या रिव्हॉल्व्हरांत फुटलेल्या टोपीचा तुकडा यंत्रांत अडकून चक्र जागच्या जागीं थिजे. शत्रु समोर असतांना याचा अर्थ काय होई, हें सांगावयास नको. १८६६ च्या सुमारास इंग्लंडांत बॉक्सर व अमेरिकेंत बर्डन यांनीं टोपी पितळी काडतुसाच्या बुडांतच बसविली. तीनच वर्षांनीं, १८६९ मध्यें, पुण्याजवळ खडकी येथें दारूगोळ्याचा सरकारी कारखाना निघाला. तो आजही चालू आहे.

कारखान्यांतील काडतूस एकाच मापाचें निघतें. रिकामें पितळ पुन्हा हातानें भरणाराच्या काडतुसाची गोष्ट निराळी. तें उडालें नाहीं कीं तो पहिला दोष दारूस देतो. पण घोडा पडून नुसती टिचकी वाजली, तर आग दारूपर्यंत पोंचलेलीच नसते. खरी साक्ष टोपीवरील खळी देते. खळी उथळ असेल तर घोड्याची कमान शिथिल झाली आहे, किंवा चटपीत चाप मिळावा म्हणून कोणीं ती कमी केली आहे. हा हौशी उपद्व्याप फार जुना. खळी एका बाजूस असेल तर चक्र नळीसमोर नीट येत नाहीं. खळी खोल असूनही टोपी मुकीच राहिली, तर मसाला ओल लागून किंवा तेल झिरपून मेला आहे.

मात्र सर्वांत फसवा प्रकार तो दुसऱ्या आघातास उडणाऱ्या काडतुसाचा. मसाला घोडा व आंतील चिमुकली ऐरण यांमध्यें चिरडला तरच पेटतो. टोपीच्या घरांत जुनी काजळी उरली कीं टोपी तळास टेकत नाहीं. पहिला आघात तिला आंत ढकलण्यांतच खर्च होतो व दुसऱ्यास ती पेटते. अशा वेळीं अजाण मनुष्य कमानीस दोष देतो. दोष भरणाराच्या बोटांचा असतो. एक खूण मात्र बिनचूक: चक्राचें एकच घर दर फेरींत चुकत असेल तर दोष हत्याराचा, घरें बदलून चूक फिरत राहिली तर काडतुसांचा. ही परीक्षा घेतांना घाई नको. मुका बार कधीं कधीं उशिरां उडतो, म्हणून नळी निर्धोक दिशेस धरून पुरतें अर्धें मिनिट थांबावें, मगच चक्र उघडावें.