काडतूस कोण भरतं?

बंदुकीचा इतिहास सांगणारे नळीबद्दल आणि चापाबद्दल भरभरून बोलतात. खानदेशापुरता तो इतिहास मला काडतुसाच्या बाजूने पाहावासा वाटतो. नुसती बंदूक हातात असून भागत नाही. बार भरायचं सामान कुणाच्या ताब्यात आहे, यावर इथल्या दोनशे वर्षांतल्या बऱ्याच गोष्टी ठरत आल्या आहेत.

१८१८ साली इंग्रजी फौजा तापीच्या खोऱ्यात उतरल्या तेव्हा थाळनेर आणि मालेगावच्या किल्ल्यांत अरब शिबंदी होती. मालेगाव घ्यायला इंग्रजांना जवळजवळ महिनाभर झगडावं लागलं. या शिबंदीकडच्या तोड्याच्या बंदुकीत दारू वेगळी, गोळी वेगळी आणि पेटता तोडा वेगळा. भरायला वेळ लागे, पावसात तोडा विझे. पण दारू गावात कुटता येई, शिसं चुलीवर वितळवून गोळ्या पाडता येत. लढणाऱ्याला कुठल्या कारखान्याचं तोंड पाहावं लागत नव्हतं.

१८२५ साली जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली आणि तीरकामठा चालवणाऱ्या हातांत कंपनीची बंदूक आली. त्या बंदुकीचा दारूगोळाही कंपनीचाच. १८५७ मध्ये सातपुड्यात भिल्लांचे पुढारी खाज्या नाईक इंग्रजांविरुद्ध उठले, इंदूरहून मुंबईकडे निघालेला सात लाखांचा खजिना त्यांनी लुटला. त्यांच्या माणसांच्या हाती होते तीरकामठे आणि तोड्याच्या बंदुका. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला लढाई झाली, तिथे समोर कवायती फौज होती. भिल्ल पुरुषांबरोबर बायकाही त्या दिवशी डोंगरात होत्या. अंबापाणीचा पराभव शौर्य कमी पडल्यामुळे झाला नाही. शस्त्रांतलं अंतर आणि त्यामागचा अखंड पुरवठा यांनी तो दिवस ठरवला, असं माझं मत आहे.

१८५७ च्या उठावाची ठिणगी ज्यावरून पडली ते एन्फिल्ड रायफलीचं काडतूस कागदाचं होतं. ते दातांनी फाडायचं, दारू नळीच्या तोंडातून ओतायची, गोळी गजाने ठासायची. पुढच्या दहा वर्षांत मात्र सगळं पालटलं. १८६६ च्या सुमारास एडवर्ड बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याचं पितळी काडतूस आलं. आग, दारू आणि गोळी एका पुंगळीत बंद झाली. बार उडताना पितळ फुगून नळीला घट्ट बसतं, त्यामुळे तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येत नाही, आणि क्षणात ते पुन्हा आकसतं, म्हणून पुंगळी ओढून काढता येते. पितळाचा हा गुण हाती आला नसता तर मागून भरायची बंदूक सर्वमान्य झाली नसती.

अमेरिकेतली लिव्हर ॲक्शन रायफल अशाच धातूच्या पुंगळीवर वाढली. चापाभोवतीची कडी खाली ओढली की रिकामी पुंगळी बाहेर पडते. कडी वर घेतली की नवं काडतूस नळीत बसतं. तिच्या आधीच्या पिढीत होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांचं पिस्तूल होतं. त्यात दारू गोळीच्याच पोकळ बुडात भरलेली असे आणि मारा अगदी दुबळा पडे. सदरे शिवून विकणाऱ्या ऑलिव्हर विंचेस्टरने तो धंदा हाती घेतला. त्याच्या कारखान्यातल्या बेंजामिन टायलर हेन्रीने १८६० मध्ये धातूच्या काडतुसाची रायफल काढली. १८७३ च्या विंचेस्टरमध्ये आणखी एक बदल झाला: आग लावणारी टोपी पुंगळीच्या बुडाच्या मधोमध आली. वापरलेली टोपी काढून नवी बसवणं शक्य झालं, आणि विंचेस्टर कंपनी रायफलीबरोबर काडतूस पुन्हा भरायची हत्यारंही विकू लागली. आज ज्याला रिलोडिंग म्हणतात त्याची वाढ इथून झाली.

आपल्याकडे मात्र दार बंद होत गेलं. १८६९ साली खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला आणि १८७८ साली व्हाइसरॉय लिटनचा शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनाला माफ. हा सल इतका खोल होता की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. त्याच्या १३ व्या कलमात पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. रावेर, यावल, चोपड्याकडच्या शेतकऱ्याला रानडुकराचा उपद्रव नवा नाही. जग ज्या बंदुकीला शंभर वर्षांपूर्वी मागे टाकून आलं, ती कायद्याने त्याच्यासाठी राखून ठेवली.

आणि तरीही देशातल्या फौजेची काडतुसं याच जळगाव जिल्ह्यात बनतात, हे जिल्ह्याबाहेर फार थोड्यांना ठाऊक आहे. भुसावळचा आयुध कारखाना १९४९ चा; दारूगोळ्याच्या पेट्या आणि डबे ही त्याची जुनी ओळख. चीनच्या युद्धानंतर, १९६४ मध्ये, शेजारी वरणगावला काडतुसांचा कारखाना उभा राहिला. पितळाची चकती वाटीसारखी दाबायची, ती पुन्हा पुन्हा ओढून लांब करायची, मान तापवून मऊ करायची, बूड मात्र कडक ठेवायचं. मान कडक राहिली तर चिरते. बूड मऊ पडलं तर अनर्थ होतो. इन्सास रायफलीच्या ५.५६ मिलिमीटर काडतुसाच्या बुडावर ‘ओएफव्ही’ ही अक्षरं दिसली की ते वरणगावचं. २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे.

चोपडा तालुक्याच्या सीमेला लागून, मध्य प्रदेशात उमर्टी आहे. तिथल्या गावठी कट्ट्यांच्या बातम्या जळगाव-धुळ्याच्या वर्तमानपत्रांत सतत येतात, आणि कट्ट्याबरोबर ‘जिवंत काडतुसे’ जप्त झाल्याची नोंदही असते. झोपडीत, साध्या भट्टीवर, कुशल हात नळी आणि घोडा घडवू शकतात. भरवशाचं काडतूस तिथे घडत नाही. तपासात कट्टा बनवणाऱ्याइतकंच लक्ष काडतूस कुठल्या दुकानातून आणि कुणाच्या परवान्यावरून बाहेर गेलं याकडे दिलं पाहिजे. ते फारसं दिलेलं वाचायला मिळत नाही.

काडतुसाचा हाच प्रश्न अमेरिकेतही दिसतो. तिथे सध्या लिव्हर ॲक्शनला पुन्हा बहर आला आहे. रुगरने २०२० मध्ये मार्लिनचं नाव विकत घेऊन त्या रायफली नव्याने काढल्या. स्मिथ अँड वेसनने २०२४ मध्ये ‘१८५४’ या नावाची लिव्हर रायफल आणली. लाकडी दस्त्याच्या जागी कृत्रिम दस्ते, नळीच्या टोकाला आवाज दाबणारं नळकांडं लावायचे आटे, अशी नवी रूपं त्यांत आहेत. घरच्या टेबलावर दारू कणाकणाने तोलणारी विजेची यंत्रं आली आहेत. पुंगळीची मान मऊ करणारी इंडक्शन भट्टीही आली आहे, म्हणजे वरणगावचं एक काम आता घरात होतं. पण २०२०-२१ च्या टंचाईत अमेरिकेतल्या दुकानांतून टोप्याच नाहीशा झाल्या, आणि हजारो डॉलरची यंत्रं नुसती उभी राहिली. स्फोटक मसाल्याची ती इवलीशी टोपी अजून कारखान्यातूनच यावी लागते.

वरणगावला १९६४ साली कामाला लागलेली माणसं आज ऐंशीच्या घरात किंवा पुढे आहेत. पितळ ओढणारे, टोप्यांच्या विभागात जपून पाऊल टाकणारे हे कामगार मूळचे बरेचसे शेतकऱ्यांच्या घरातले. खानदेशचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आधी त्यांच्याकडे जावं, आणि लवकर जावं.