पीसी असेंबल करताय? कॅबिनेट, फॅन आणि स्पाइक गार्ड घेताना काय बघायचं

पीसी असेंबल करायचं ठरलं की सगळं बजेट प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड खाऊन टाकतात. मग उरलेल्या चार-पाच हजारांत कॅबिनेट, फॅन, स्पाइक गार्ड असं सगळं बसवायचं असतं. माझ्या पहिल्या बिल्डला हेच झालं. लॅमिंग्टन रोडवर दुपारभर फिरून मी पुढे अख्खी काच आणि आत रंगीत लाइट असलेलं कॅबिनेट घेतलं. दिसायला एकदम भारी! घरी येऊन गेम लावला तर प्रोसेसर ९० अंशांच्या वर. थर्मल पेस्ट बदलली, कूलर काढून परत बसवला, काही फरक नाही. शेवटी वैतागून पुढचं पॅनलच काढून ठेवलं, तर तापमान दहा-बारा अंशांनी खाली आलं. फॅन तीन होते, पण काचेच्या मागे. हवा आत यायला बाजूने बोटभरही फट नव्हती.

म्हणून कॅबिनेट बघताना आधी पुढची बाजू बघा. तिथे जाळी हवी आणि जाळीमागे काढून धुता येईल असा डस्ट फिल्टर हवा. पीसीच्या आतली हवा खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच होत नाही. मे महिन्यात खोलीतच ३८ अंश असतील, तर साध्या फॅनचा कुठलाही कूलर प्रोसेसरला त्याखाली नेऊ शकत नाही. आपल्याकडे हवा खेळती असणं लाइटपेक्षा महत्त्वाचं आहे ते याचमुळे.

मापांचं फार अवघड नाही. एटीएक्स मदरबोर्ड ३०५ × २४४ मिमी, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ मिमी आणि मिनी-आयटीएक्स १७० × १७० मिमी. मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड बसतो, उलट नाही. लोक चुकतात ते पुढच्या दोन मापांत: ग्राफिक्स कार्डची लांबी आणि कूलरची उंची. १२० मिमी फॅनचे टॉवर कूलर बहुतेक वेळा १५० ते १६० मिमी उंच असतात. कॅबिनेटची मर्यादा १५५ असेल आणि कूलर १५८ असेल, तर साइड पॅनल लागणारच नाही. बोर्ड बसवण्याआधी पितळी स्टँडऑफ मोजा. बोर्डच्या भोकाखाली नसलेला एखादा जास्तीचा स्टँडऑफ तसाच राहिला तर शॉर्ट होऊ शकतो.

आणखी एक. साइडची टेम्पर्ड काच काढली की ती टाइल्सच्या फरशीवर उभी टेकवू नका. कोपऱ्याला जरा ठोका बसला तरी तिचा क्षणात चुरा होतो. गादीवर आडवी ठेवा.

फॅन आणि लाइट

पुढून दोन फॅन हवा आत घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा. मध्यम पीसीला एवढं पुरतं. स्वस्त कॅबिनेटसोबत येणारे फॅन बऱ्याचदा मोलेक्स कनेक्टरचे असतात. ते सरळ एसएमपीएसला जोडले जातात आणि सतत फुल स्पीडने घोंघावतात. जमलं तर मदरबोर्डला लागणारे चार पिनांचे पीडब्ल्यूएम फॅन घ्या, म्हणजे तापमानाप्रमाणे वेग बदलतो. आर्क्टिक पी१२ सारखे फॅन पाचच्या पॅकमध्येही मिळतात. दोन मित्रांनी मिळून घेतले तर स्वस्त पडतात.

लाइट हवेच असतील तर एवढं लक्षात ठेवा: आरजीबी म्हणजे ४ पिना आणि १२ व्होल्ट, एआरजीबी म्हणजे ३ पिना आणि ५ व्होल्ट. एआरजीबीची पट्टी जबरदस्तीने १२ व्होल्टला जोडली तर ती गेलीच म्हणून समजा.

कॅबिनेटसोबतचा ‘फुकट’ एसएमपीएस

हा वापरू नका. इथे वाचवलेले पैसे सगळ्यात महाग पडतात. तरी घ्यायचाच झाला तर त्याचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलेलं असतं, पण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. त्या रकान्यात १६ अँपिअर लिहिलं असेल तर हिशेब १२ × १६ = १९२ वॉट. बाकीचा आकडा नुसता दिखाव्याचा. ८० प्लसचं चिन्ह चांगलंच, पण ते फक्त वीज किती वाया जाते ते सांगतं: साध्या ८० प्लसला २०, ५० आणि १०० टक्के लोडवर किमान ८० टक्के कार्यक्षमता लागते. ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटचं संरक्षण आहे का, ते वेगळं बघावं लागतं.

झिणझिण्या येतात?

कॅबिनेटला हात लावला की बारीक करंट जाणवतो, अशी तक्रार मित्रांकडून मी सतत ऐकतो, विशेषतः भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांकडून. बहुतेक वेळा पीसी बिघडलेला नसतो, घराला अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये दोन छोटे कपॅसिटर दोन्ही तारांपासून बॉडीला जोडलेले असतात. अर्थची तार तुटलेली असेल तर बॉडीवर २३० च्या साधारण निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. करंट अगदी थोडा असतो, पण त्याच अवस्थेत टीव्हीची एचडीएमआय केबल लावली तर पोर्ट जाऊ शकतो. शिवाय एसएमपीएसमध्ये खरोखर बिघाड झाला, तर वाचवायला अर्थच नसतो. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावणं म्हणजे हेच संकट हाताने आणणं. आरजीबी फॅनच्या पैशांत इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या.

स्पाइक गार्ड घेताना ‘सर्ज प्रोटेक्शन’ आणि त्याचा ज्यूलमधला आकडा बघा. नुसता एक्स्टेन्शन बोर्डही बाजारात त्याच नावाने विकला जातो. अर्थिंग नसेल तर चांगल्या स्पाइक गार्डचंही काम अर्धवटच होतं. यूपीएसच्या बाबतीत व्हीए आणि वॉट एक समजू नका. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो आणि त्यात मॉनिटरही धरायचा असतो.

साफसफाईला हातातला ब्लोअर पुरतो. फक्त हवा मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. आणि मागच्या कार्डच्या पट्ट्या: एकदम स्वस्त कॅबिनेटमध्ये त्या तोडून काढायच्या असतात, परत लावता येत नाहीत. लागेल तेवढीच तोडा. माझ्या एका मित्राने सगळ्या तोडल्या आणि पावसाळ्यात एसएमपीएसवर पाल जाऊन बसली.