टोपी नीट करणारा हात

परवा नातू एन.सी.सी.च्या परेडला निघाला. दारात थांबवून मी त्याची बेरे टोपी जरा सरकवली. बिल्ला डाव्या डोळ्यावर हवा, तो मधोमध आला होता. "आजोबा, तुम्हाला कसं माहीत?" त्याने विचारलं. उत्तर ऐकायला तो थांबला नाही, म्हणून इथे लिहितोय.

१९६३ ते १९६८ या काळात कॉलेजात एन.सी.सी. सक्तीची होती. मी त्यातलाच. परेडआधी आम्ही दोघे-दोघे समोरासमोर उभे राहून एकमेकांचा पोशाख तपासायचो. ब्रासोने घासलेलं बक्कल आणि शर्टाची बटनपट्टी एका रेषेत आहे ना? मागे कॉलर दुमडली नाही ना? आपली पाठ आपल्याला दिसत नाही, ती जोडीदारच बघतो. "पट्टा वाकडा झालाय रे," असं हळूच म्हणून तोच सरळ करायचा. त्यात कधी अपमान वाटला नाही, कारण पुढच्या क्षणी त्याची कॉलर माझ्या हातात असायची.

पुढे इतिहास शिकवताना १८५७ वर मी तास रंगवले, पण वेल्लोर दोन मिनिटांत उरकायचो. आता ते खटकतं. १८०५-०६ मध्ये मद्रास सैन्याचे सरसेनापती सर जॉन क्रॅडॉक यांच्या काळात पोशाखाचे नवे हुकूम निघाले. हनुवटी गुळगुळीत हवी, मिशा ठरल्या मापाच्या हव्यात, परेडवर कपाळी गंध नको, कानात बाळी नको. डोक्याला नवी पगडी, तिला चामड्याचा तुरा. साहेबांच्या लेखी हा नुसता टापटिपीचा प्रश्न होता. शिपायांना मात्र ती पगडी गोऱ्यांच्या टोपीसारखी दिसली. आपल्याकडेही इंग्रजांना 'टोपीकर' म्हणत, हे आठवा. टोपी घालणं म्हणजे धर्म सोडणं, अशी त्यांची धास्ती होती.

मे १८०६ मध्ये काहींनी पगडी नाकारली. एका हिंदू आणि एका मुसलमान शिपायाला प्रत्येकी ९०० फटक्यांची शिक्षा झाली. १० जुलैच्या पहाटे वेल्लोरचा किल्ला पेटला. शंभरावर गोरे सैनिक मारले गेले. अर्काटहून घोडदळ आलं आणि तीनशेवर शिपाई मेले. टिपूचे कुटुंबीय त्याच किल्ल्यात नजरकैदेत होते, त्यामुळे कारण एकट्या पगडीचं नव्हतं. पण नंतर ते हुकूम मागे घ्यावे लागले, आणि १८०७ मध्ये क्रॅडॉक व गव्हर्नर बेंटिंक दोघांनाही परत बोलावलं गेलं.

साहेबांनी ज्याला चूक ठरवलं, ती त्या माणसाची ओळख होती. आणि ती दुरुस्त करायला जोडीदाराचा हात आला नाही, चाबूक आला.

हे लिहिताना एक मुलगा आठवतो. शाळेत गणवेश तपासणं माझ्याकडे होतं. पांढरे कॅनव्हासचे बूट नाहीत म्हणून मी त्याला तीन दिवस वर्गाबाहेर उभं केलं. चौथ्या दिवशी तो आलाच नाही. बूट घ्यायला घरी पैसे नव्हते, हे नंतर कळलं. मी निरोप पाठवला, पण तो परतला नाही. गणवेशातली चूक मला लांबून दिसली होती. जवळ जाऊन विचारलं मात्र नव्हतं.

नातवाची टोपी सरकवताना हात किंचित थरथरला, तो नुसत्या वयामुळे नाही.

भाचरांनो, तुमच्यापैकी कुणी शिक्षक असाल तर एवढं लक्षात ठेवा. बाकी पुढच्या वेळी.