रुग्णाची शंका

पालघर तालुक्यांतील कोळगाव हें आज जिल्ह्याचें मुख्य ठाणें आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणे जिल्ह्यांतून पालघर जिल्हा वेगळा निघाला आणि त्याच्या कचेऱ्या पुढें या गावीं आल्या. तेथें आमचे एक वयस्क स्नेही राहतात. संधिवातानें त्यांचीं बोटें वांकडीं झालीं, त्यास वीस वर्षें होऊन गेलीं. परवां कोणीसें एका नव्या औषधाची शिफारस करून म्हणालें, "हें संशोधनानें सिद्ध झालेलें आहे." स्नेह्यांनीं शांतपणें विचारलें, "किती जणांवर? किती दिवस? आणि ज्यांना तें दिलें नाहीं, त्यांचें काय झालें?" जमलेल्या मंडळींना हे प्रश्न उद्धटपणाचे वाटले. आम्हांस मात्र असें वाटलें कीं, वैद्यकाच्या इतिहासांतील एक मोठें प्रकरण या तीन प्रश्नांत सामावलें आहे.

जुनाट दुखण्याचा स्वभाव समुद्रासारखा असतो. त्यास भरती आहे, तशी ओहोटीहि आहे. माणूस नव्या उपायाकडे वळतो तो बहुधा भरतीच्या वेळीं, म्हणजे दुखणें असह्य झाल्यावर. त्यानंतर ओहोटी पुष्कळदां आपोआपच येते. परंतु तिचें यश त्या दिवशीं घेतलेल्या औषधाच्या पदरांत पडतें. यांत कोणी लबाडी करतो असें नव्हे. रोगी फसतो, तसा प्रामाणिक वैद्यहि फसतो.

याचें उदाहरण आपल्या घरचेंच आहे. गोमंतकांत जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे मुंबईच्या ग्रँट वैद्यक विद्यालयाच्या १८५१ सालच्या पहिल्या पदवीधरांपैकीं एक. संस्कृत ग्रंथांचा व्यासंग, शिलालेखांचें वाचन आणि गरिबांची शुश्रूषा यांत त्यांचें आयुष्य गेलें. त्या काळीं ज्यास महारोग म्हणत, त्या कुष्ठरोगावर त्यांनीं केलेल्या उपचारांची मोठी चर्चा झाली. कडूकवठीच्या बियांच्या तेलाशीं त्यांचें नांव जोडलें जातें. १८७४ सालीं ते निवर्तले. परंतु तेलाची कीर्ति वाढतच गेली. त्याच जातीचें चौलमुगऱ्याचें तेल कलकत्त्याच्या डॉ. मोआट यांनीं १८५४ सालींच पाश्चात्त्य वैद्यांच्या नजरेस आणलें होतें. पुढें १९१५ च्या सुमारास हवाई बेटांत ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीनें त्यास सुईनें टोंचण्याजोगें रूप दिलें. कित्येक देशांतील रुग्णालयांत हजारों रुग्णांनीं त्या वेदनादायक सुया सोसल्या.

तेल अगदींच निरुपयोगी होतें असा आमचा दावा नाहीं. प्रश्न निराळा आहे. कुष्ठरोगाचे कांहीं प्रकार औषधावांचूनहि मावळतात. अशा रोगांत औषध घेतलेले व न घेतलेले सारख्या स्थितीचे रुग्ण शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्याखेरीज गुण कोणाचा हें कळणें शक्य नाहीं. सुया सोसून जे टिकले त्यांची गणना झाली. कंटाळून जे निघून गेले, ते हिशेबांतूनहि गेले. १९४१ सालीं अमेरिकेंत कारव्हिल येथें प्रोमीन या सल्फोन औषधाचा प्रयोग सुरू झाला आणि थोड्याच वर्षांत तेलाचें राज्य संपलें.

निवाड्याची चांगली रीत क्षयरोगानें शिकविली. स्ट्रेप्टोमायसिन नवें असतां इंग्लंडांत तें सर्वांस पुरण्याइतकें नव्हतें. तेव्हां कोणास द्यावें हें वैद्यांच्या मर्जीवर न सोडतां चिठ्ठ्या टाकाव्या तसें ठरविण्यांत आलें. ५५ रुग्णांना औषध व विश्रांति, ५२ जणांना केवळ विश्रांति मिळाली. सहा महिन्यांत पहिल्यांपैकीं ४ व दुसऱ्यांपैकीं १४ दगावले. हा निकाल १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें मद्रासच्या क्षयोपचार-केंद्रानें याच रीतीनें घर आणि आरोग्यभवन यांची तुलना केली. १९५९ सालीं दिसून आलें कीं, दाटीच्या वस्तींत राहून औषध घेणारे गरीब रुग्णहि आरोग्यभवनांतील रुग्णांइतकेच बरे झाले. मिरजेच्या आरोग्यभवनाच्या खर्चासाठीं दागिने मोडणाऱ्या घरांना हा निकाल केवढ्या मोलाचा होता!

परंतु रीत चांगली असली म्हणून ती पाळली जातेच असें नाहीं. माणसास वर्षानुवर्षें अंथरुणास खिळविणारा, मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस नांवाचा एक रोग आहे. त्यावर क्रमाक्रमानें वाढविलेला व्यायाम व मनोपचार हितकर आहेत, असें ६४१ रुग्णांवरील 'पेस' नामक इंग्रजी प्रयोगानें २०११ सालीं सांगितलें. या दोन उपचारांनीं शेंकडा २२ रुग्ण पूर्ण बरे झाले, असें २०१३ सालीं जाहीर झालें. व्यायामानें आपण अधिकच खचतों असा ज्यांचा अनुभव होता, त्या रुग्णांनीं मूळ कागद वाचावयास घेतले. शरीरशक्तीच्या शंभर गुणांपैकीं ६५ किंवा कमी असल्यास रुग्ण प्रयोगास पात्र होता. आणि पुढें ६० गुण मिळाले तरी त्या कसोटीपुरता तो बरा समजला गेला! म्हणजे पांच गुण गमावूनहि या कसोटीस उतरतां येत होतें. मूळ योजनेंत हीच रेषा ८५ ची होती. ऑस्ट्रेलियांतील एका रुग्णानें २०१४ सालीं माहितीच्या हक्कानें मूळ आंकडे मागितले. २०१६ सालीं लंडनच्या विद्यापीठास ते देणें भाग पडलें. मूळ कसोटीनें हिशेब करितां शेंकडा २२ च्या जागीं ७ व ४ उरले. संशोधक आपल्या निष्कर्षावर ठाम राहिले. परंतु २०२१ सालीं इंग्लंडच्या अधिकृत मार्गदर्शनांतून तो व्यायामोपचार वगळण्यांत आला.

म्हणून, रुग्णाची शंका ही शास्त्राशीं वैर नव्हे. पुष्कळदां ती शास्त्राचीच राखण असते. मात्र एक सावधगिरी हवी. संशोधनावर शंका घेणारा माणूस शेजाऱ्यानें दिलेली निनांवी पुडी निःशंकपणें गिळतो, असें आपण नेहमीं पाहतों. तेथें शंका संपून केवळ रुसवा उरतो. जी कसोटी रुग्णालयाच्या औषधास, तीच पुडीसहि लावली पाहिजे.

आमच्या स्नेह्यांनीं आपले तिन्ही प्रश्न डॉक्टरांपुढें मांडले. पहिल्या दोहोंचें उत्तर मिळालें, तिसऱ्याविषयीं डॉक्टर म्हणाले, "पाहून सांगतों." स्नेही घरीं येऊन म्हणाले, "वीस वर्षांत हें उत्तर मला प्रथमच मिळालें; या माणसावर माझा विश्वास बसला." आतां तें औषध घ्यावें कीं नाहीं, याचा निर्णय त्या उत्तरासाठीं थांबला आहे. बोटें दुखतातच, पण आपणांस कोणी गृहीत धरलें नाहीं, हें समाधान त्या दुखण्याच्या सोबतीस आहे.