विचारणारा कोण, सांगणारा कोण

कळमनुरी आणि औंढा तालुक्यांत आंध समाजाची कितीतरी गावे आहेत. पैनगंगेच्या पलीकडे, जुन्या वऱ्हाडातही ते आहेत. या समाजाविषयी रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या चार खंडांच्या ग्रंथात एक छोटे टिपण लिहिले. त्यात समाजाचे वरताटी आणि खालताटी असे दोन भाग सांगितले आहेत आणि एकाला शुद्ध, दुसऱ्याला अनौरस ठरवून टाकले आहे. त्यावर चर्चा नाही, की कोणाची हरकत नोंदलेली नाही. असली माहिती यायची कुठून? या ग्रंथाच्या तळटीपा वाचा. तहसीलदार, नायब तहसीलदार आणि शाळामास्तर यांचे आभार जागोजागी मानले आहेत. म्हणजे साहेबाने प्रश्न पाठवायचे, मास्तराने गावात कोणाला तरी विचारून उत्तरे धाडायची. आम्ही शिक्षक मंडळी या धंद्यात जुनीच आहोत!

नदीच्या अलीकडे निजामाचे राज्य. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती (वेगळा जिल्हा झाला तो १९९९ साली). इकडच्या जातींवर सय्यद सिराज-उल-हसन यांचा ग्रंथ १९२० साली निघाला. लेखक मुसलमान, तरी वाट तीच. सरकार विचारते आणि लोक मोजले जातात.

ही वाट मोडली ती लोकांमध्ये जाऊन राहणाऱ्यांनी. त्यांत मोठे नाव ब्रोनिस्लाव मालिनोव्हस्की यांचे. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते ऑस्ट्रेलियाच्या बाजूला होते आणि नागरिक होते ऑस्ट्रियाचे, म्हणजे शत्रूच्या देशाचे. त्या काळात ट्रोब्रियंड बेटांवर त्यांनी दोनदा दीर्घ मुक्काम केला. गावातच तंबू ठोकला, भाषा शिकली, दुभाष्याला सुट्टी दिली. त्यांची खासगी डायरी मात्र मरणानंतर, १९६७ साली छापली गेली आणि अभ्यासक हादरले. ज्यांच्यात राहिले, त्यांच्याविषयी त्यात कंटाळा आहे, संताप आहे, काही ठिकाणी चक्क तुच्छता आहे. शेजारी राहिले की माया आपोआप येते, असे काही नसते.

लंडनला त्यांच्या वर्गात बसलेला एक तरुण पुढे आपल्या हैदराबाद राज्यात आला. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ, व्हिएन्नाचे. आता दुसरे महायुद्ध, आणि यांचा पासपोर्ट जर्मन राइशचा. इंग्रजांनी त्यांना हैदराबाद राज्याबाहेर जायला बंदी केली. गुरू युद्धाच्या काळात बेटांवर राहिला, शिष्य निजामाच्या राज्यात अडकला! पत्नी बेटी सोबत होत्या. दोघे आधी चेंचूंमध्ये, मग कोंडा रेड्डींमध्ये आणि नंतर आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहिले.

त्या वेळचा आदिलाबाद जिल्हा म्हणजे किनवट आणि राजुरासुद्धा. जंगल राखीव झाल्याने गोंडांची शेते गेली होती, बाहेरच्यांनी जमिनी घेतल्या होत्या आणि कागद सगळे उर्दूत होते. १९४० मध्ये जोडेघाटला कोमाराम भीम पोलिसांच्या गोळीने मारले गेले. हे असे का घडले, हे निजाम सरकारला समजून घ्यायचे होते आणि ते काम हाइमेनडॉर्फ यांच्याकडे आले. उर्दू ही माझी रोजीरोटी आहे. तरीही सांगतो, ज्या रयतेला वाचता येत नाही त्या भाषेत सातबारा असेल, तर ती भाषा कितीही गोड असो, रयतेला ती फौजदारासारखीच वाटणार.

हाइमेनडॉर्फ गोंडी शिकले. १९४३ मध्ये मारलवाई गावात गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. मुलांसाठी गोंडी वाचनपुस्तके झाली, तीही देवनागरीत, कारण त्या मुलखात गोंडांचा मराठीशी रोजचा संबंध होता. पुढे ते सरकारचे सल्लागार झाले आणि हजारो गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले. अभ्यासकाने अशी सरकारी खुर्ची घ्यावी का, यावर विद्वान वाद घालतात. मला विचाराल तर, नुसते पुस्तक लिहून निघून जाण्यापेक्षा हे बरे. पण सल्ला ऐकणारे सरकार बदलले की काय होते, हेही त्यांनीच सत्तरच्या दशकात परत येऊन पाहिले. पुष्कळ जमिनी पुन्हा गेलेल्या होत्या.

आपल्या मुसलमानांबद्दल कोणी लिहिले? ही गोष्ट आणखी जुनी आहे. मद्रासचे सर्जन हर्क्लॉट्स यांना दख्खनच्या मुसलमानांचे रीतिरिवाज लिहायचे होते. त्यांनी ते काम एलूरूकडच्या जाफर शरीफ यांच्याकडून करून घेतले. 'कानून-ए-इस्लाम' १८३२ मध्ये लंडनला छापले गेले. गरोदरपणापासून मयतीपर्यंत सगळे त्यात आहे : छट्टी, चार वर्षे चार महिने चार दिवसांची बिस्मिल्लाह, लग्नातली हळद, मोहर्रमचे आलावे, ताईत-गंडे, दागिने, भांडीसुद्धा. आमच्याकडच्या मोहर्रमच्या सवाऱ्या पाहिलेल्या माणसाला ती पाने ओळखीची वाटतील. कोणत्या रिवाजाला किताबाचा आधार आहे आणि कोणता नुसता चालत आला आहे, हा भेदही जाफर शरीफ करतात. असा भेद घरातलाच माणूस करू शकतो. पण त्यांनी दखनीत लिहिलेले जगाने वाचले ते इंग्रजीत. १९२१ च्या आवृत्तीत विल्यम क्रुक यांनी पुस्तकाची मांडणीच बदलून टाकली.

त्या दखनीचे पुढे काय झाले, हे मी २०११ च्या जनगणनेत दारोदार पाहिले. मातृभाषेच्या प्रश्नावर म्हाताऱ्या बाया म्हणत, "अपनी मुसलमानी बोली है ना, बाबा." बाजूला उभी असलेली शिकलेली सून लगेच सांगे, "सर, उर्दू लिहा." सासूच्या बोलीतले 'कायको', 'नक्को' आणि सुनेचे शुद्ध मराठी एकाच उंबऱ्यावर. कागदावर मात्र सुनेचे उत्तर जाई. दर घरी हेच.

बेटी १९८७ मध्ये हैदराबादला वारल्या. त्यांची समाधी मारलवाईत आहे, गोंडांच्या गावात.